शोकेसमधला आठ शिंगांचा राऊटर

टाळ खाली ठेवा, मंडळी. नाम घेऊन झालं, गळे मोकळे झाले. आता कान मोकळे करा.

एक प्रश्न विचारतो. माणूस घरात वस्तू आणतो. फ्रिज आणतो, टीव्ही आणतो, पंखा आणतो. कोणी विचारलं तर म्हणतो – "घरच्यांसाठी आणला हो!" आता घरचे म्हणजे कोण? घरात चार माणसं. त्यातली नेमकी कोण? हे ओळखायचं कसं?

पावती बघून कळतं? नाही. त्याच्या तोंडाकडे बघून? मुळीच नाही! तोंड काय, सगळ्यांचंच प्रेमळ असतं. मग कसं?

आहे, उपाय आहे. आख्यान ऐका, आपोआप कळेल. पेटीवाले, जरा हळू. आज सूर कमी, गोष्ट जास्त.

एक तालुक्याचं गाव. नाव सांगत नाही – तिथले दोन पाहुणे इथं पुढेच बसलेत, उगाच मान खाली घालतील. त्या गावात जयसिंगराव तोडकर. खता-बियाण्याचं दुकान, पुढे मोठं घर, घरापुढे गाडी, गाडीवर गावाचं नाव. सगळं कसं – पुढे! त्या माणसाचं सगळं पुढेच असायचं. गणपतीच्या वर्गणीत नाव पुढे, लग्नात खुर्ची पुढे, फोटोत पोट पुढे.

हसा, हसा. तुमचंही फार मागे नाही.

घर कसं? पुढचा भाग नवा, सिमेंटचा. हॉल एवढा मोठा, की या टोकाचा पाहुणा त्या टोकाच्या पाहुण्याला ओळखायचा नाही. हॉलमध्ये भिंतभर शोकेस. काचेची दारं, पाठीला आरसा. त्यात पितळी घोडे, दुकानाला मिळालेल्या ढाली, आणि कधीच न वापरलेला चिनी मातीचा टी-सेट. पण मंडळी, नव्या घराच्या पाठीला एक जुनी खोली होती. दगडी. हातभर जाड भिंत. ती पाडली नाही. का नाही पाडली? वडिलांची आठवण म्हणून? छे! ज्वारीची पोती ठेवायला बरी पडते म्हणून!

आणि त्या खोलीत, पोत्यांच्या शेजारी, कोण? जयसिंगरावांची बायको. रत्नमालाबाई.

बाई पावसाळ्यात अंगणात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पाय काही धड होईना. खाटेवरच सगळं. मग जयसिंगराव म्हणाले, "अगं, हॉलमध्ये माणसं येतात-जातात. तुला त्रास होईल. मागं निवांत आहे."

कोणाला त्रास? तिला? अहो, ती बाई जन्मभर माणसांत वाढलेली! खाटेखालच्या भांड्याचा वास, औषधाचा वास, खाट – हे येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसू नये, म्हणून मागं! सरळ बोलायला काय होतं? पण माणूस सरळ बोलत नाही. "तुझ्यासाठी" म्हणतो आणि पोत्याशेजारी निजवतो.

बरं. बाई काही बोलली नाही. बायका बोलत नाहीत असं नाही हो. बोलतात. आपण दुसऱ्या खोलीत असतो.

आता त्यांना दोन लेकरं. मुलगा हर्षद – कॉलेजात नाव आहे, कॉलेजात तो नाही. वरच्या मजल्यावर खोली, कानाला हेडफोन, आणि दिवसभर ठो-ठो-ठो! गेम खेळतो. खाली आई हाक मारते, वर हा कुठल्या तरी देशातल्या पोरांना हाका मारतो – "मागून ये! मागून ये! कव्हर दे!" अरे बाबा, मागच्या खोलीत आई आहे, तिच्याकडे कधी मागून जा!

आणि मुलगी सारिका. लग्न होऊन जर्मनीला गेली. पोर गुणाची. तिकडे बाळंत झाली, मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते राहिलं. आई खाटेवर, कोण करणार? निदान बारसं तरी नीट व्हावं, एवढीच दोघींची इच्छा.

आता इथं नीट ऐका. रत्नमालाबाईंच्या माहेरची एक रीत. बारशाला पहिला पाळणा म्हणायचा तो बाळाच्या आईच्या आईनं. मग बाळाच्या आत्यानं कानात नाव सांगायचं. आणि तो पहिला पाळणा एकदाच. बारसं झालं, की तो परत म्हणायचा नाही. रत्नमालाबाईंच्या आईनं सारिकाच्या बारशाला म्हटला होता. आता पाळी हिची.

सारिका फोनवर म्हणाली, "आई, तू तिथून म्हण. व्हिडिओवर. मी इथं पाळण्याजवळ फोन धरीन. तुझा आवाज तिच्या कानात गेला पाहिजे, मगच नाव."

बाई म्हणाली, "अगं, पण इथं ते नेट कुठं येतंय? तुझा चेहरा दिसायच्या आत फोन चक्र फिरवत बसतो."

जयसिंगरावांनी हे ऐकलं. छाती पुढे आली. "काळजी करू नकोस! या दसऱ्याला असा राऊटर आणतो, असा आणतो, की गावात कोणाकडे नसेल!"

बघा! बाई काय म्हणाली? "इथं येत नाही." हे काय म्हणाले? "गावात नसेल." ती खोलीचं बोलते, हे गावाचं बोलतात!

दसरा आला. जयसिंगराव आणि चिरंजीव, दोघं दुकानात गेले. दुकानदार म्हणजे पक्का. गिऱ्हाईकाचे बूट बघून भाव सांगणारा. त्यानं विचारलं, "साहेब, वापर कशासाठी?"

हर्षद म्हणाला, "गेमिंग. एकदम लॅग नको." लॅग म्हणजे काय, तर तुम्ही गोळी आत्ता मारता आणि ती लागते मागाहून. संसारात आपलं तेच चालू आहे, पण असो.

जयसिंगराव म्हणाले, "आणि डाउनलोड! मला कुस्त्या उतरवायच्या असतात." यांना कुस्तीचा नाद. जत्रेतली, यात्रेतली, दिसेल ती कुस्ती उतरवून ठेवायची. बघतात कधी? कधीच नाही! साठवतात. उंदीर बरा, तो निदान खातो!

दुकानदार म्हणाला, "आणि घर केवढं? भिंती कशा? लांबच्या खोलीत कोणी वापरणार का?"

मंडळी, हा प्रश्न होता. देवानं माणसाला एक संधी दिली होती. त्या लबाड दुकानदाराच्या तोंडून दिली होती. लांबच्या खोलीत कोणी वापरणार का?

जयसिंगराव म्हणाले, "ते राहू दे. सगळ्यात मोठा कुठला?"

संपलं! दुकानदारानं खोका काढला. काळा राऊटर, खालून लाल दिवे, आणि वर आठ अँटेना! आठ! दसऱ्याला रावण जाळतात ना? त्याला दहा तोंडं, याला आठ शिंगं. दोन कमी पडली म्हणून जाळला नाही, घरी आणला!

आता तुम्ही म्हणाल, "बुवा, तुम्हाला यातलं काय कळतं?" फार नाही. पण भाच्यानं मला समजावलं, ते सांगतो. याच्यातून दोन प्रकारच्या लहरी निघतात. एक जोरात पळणारी. पण भिंत आली की दमते. आणि दुसरी सावकाश जाणारी. पण ती भिंतीतून जरा पुढे सरकते. मी म्हटलं, कळलं! पहिली म्हणजे जावई. हॉलपर्यंत झोकात येतो, चिवडा खातो, निघतो. दुसरी म्हणजे लेक. चप्पल काढते ती थेट आत, चुलीपर्यंत! पण भाचा म्हणाला, "मामा, दगडाची हातभर भिंत, तिच्यापुढे आरसा, लोखंडी कपाट असं आलं, तर लेकसुद्धा अडते. म्हणून राऊटर मधोमध ठेवायचा. उंचावर. उघड्यावर." एवढंच शास्त्र. याला काशीला जावं लागत नाही.

राऊटर घरी आला. पाटावर ठेवला. हळद, कुंकू, झेंडूचा हार – आठही शिंगांतून ओवून! नारळ फोडला. वाटलं त्या यंत्रालाही, आपण कुठल्या घरात पडलो! मग जोडणारा माणूस आला. शिडी टेकवून म्हणाला, "कुठं लावू?"

आतून, दगडी खोलीतून, आवाज आला. "अहो, मधल्या दारावर लावा ना! म्हणजे दोन्हीकडं येईल. माझ्या खाटेवरून ते दार दिसतं."

मंडळी, घरात आतून आवाज देणारं माणूस आहे ना, तोवर ऐकून घ्या. नंतर घर फार शांत होतं. इतकं शांत, की फ्रिजचा आवाज ऐकू येतो.

जयसिंगराव काय म्हणाले असतील? म्हणाले, "दारावर? दारावर कोण बघणार?"

कोण बघणार! राऊटर बघायची वस्तू झाली! मग कुठं ठेवला? शोकेसमध्ये! पितळी घोड्यांच्या मधे, ढालींच्या पुढे, काचेच्या आत. पाठीला आरसा, आणि आरशाच्या पाठीला तीच दगडी भिंत. म्हणजे बाईच्या उशापासून चार हातांवर यंत्र – आणि तिच्याकडे पाठ! आरशामुळे आठ शिंगांची दिसायची सोळा. पाहुणे म्हणायचे, "वा!" वरच्या मजल्यावर हर्षदला स्वतंत्र वायर गेली. गेमला वायर लागते म्हणे. त्याच्यासाठी भिंतीला भोक पाडलं. त्याच्यासाठी भोक पाडलं, बरं का!

आणि बाईच्या मोबाइलचा नेटचा रिचार्ज? तो बंद केला. "घरात एवढं मोठं वायफाय असताना वेगळा खर्च कशाला?" हिशेबाला माणूस पक्का!

बाईनं विचारलं, "अहो, मला इथं येईल ना तेवढं?"

"येईल की! आठ कान आहेत त्याला!"

आठ कान. आणि याला दोन, ते कुठं होते?

बारशाचा दिवस. भरदुपारी, तिकडे सकाळ. हॉल भरलेला. जयसिंगरावांची बहीण, छबुआक्का, नथ घालून सगळ्यांच्या पुढे. आक्का म्हणजे आवाज असा, की दळणाची गिरणी लाजावी. आत रत्नमालाबाई. शेजारणीनं नवी साडी नेसवली, केस विंचरले, उशाला टेकवून बसवलं. फोन हातात. महिनाभर तिनं पाळणा मनात घोळवला होता. नातीसाठी एक कडवं स्वतः जोडलं होतं –

*पहिला गं पाळणा, आजीच्या गळ्याचा,*
*सातासमुद्रापार मोती माझ्या माळेचा...*

फोन आला. लेकीचा चेहरा दिसला. "आई!" आणि – चक्र. गोल गोल गोल.

बाईनं हाक मारली, "अहो, अडकलं!"

मग हॉलमध्ये काय धांदल उडाली, विचारू नका! एक म्हणाला, अँटेना वाकडी करा. एक म्हणाला, सरळ करा. छबुआक्का म्हणाली, "नजर लागली! एवढी शिंगं उघड्यावर ठेवतात का? लिंबू-मिरची बांधा!" आणि बांधली हो! इंटरनेटला लिंबू-मिरची बांधली! शिकलेली माणसं, गाडीवाली माणसं. बांधली, आणि सगळे काचेसमोर हात जोडून उभे!

शेजारीण म्हणाली, "भाऊजी, ते काढून मधल्या दारात धरा की जरा वेळ!"

जयसिंगराव हात घालणार, तेवढ्यात जिन्यावरून चिरंजीव ओरडले, "पप्पा! हात लावू नका! टूर्नामेंट चालू आहे! बंद पडलं तर टीम बाद होईल!"

आणि बापानं हात मागे घेतला. का? लेकाची टीम! शिवाय त्याच वेळी कुठल्या तरी यात्रेतली कुस्ती निम्मी उतरली होती. तीही मोडली असती ना!

आतून बाई म्हणाली, "मग मला तरी उचला. खाटेसकट बाहेर न्या. चार माणसं आहेत ना तिथं."

जयसिंगरावांनी हॉलकडे बघितलं. पाहुणे. सतरंजी. पेढ्यांचं ताट. आणि मग आत येऊन, हळू आवाजात म्हणाले, "अगं, सगळ्यांसमोर? हे असं? बरं दिसेल का?"

थांबतो मी जरा.

ज्या बाईनं या माणसाचं सगळं केलं, त्या बाईची खाट – बरी दिसेल का! थू असल्या दिसण्यावर!

बाईनं परत फोनकडे बघितलं. आणि नेमकं त्याच क्षणी चक्र थांबलं. लेकीचा चेहरा पडद्यावर स्पष्ट आला. बाईला वाटलं, लागला! आला! तिनं डोळे पुसले आणि पाळणा सुरू केला. सगळी कडवी म्हटली.  अधूनमधून लेकीकडे बघायची आणि मनात म्हणायची, किती जीव लावून ऐकते पोर माझी, पापणीसुद्धा लववत नाही!

पापणी कशी लववेल, मंडळी? ते चित्र गोठलेलं होतं. फोन कधीच तुटला होता. बाई एका थांबलेल्या फोटोला पाळणा म्हणत होती.

आणि हॉलमध्ये? हॉलमध्ये जयसिंगरावांच्या फोनवर लख्ख चित्र! राऊटर समोरच ना! तिकडून सारिका म्हणते, "पप्पा, आईचा फोन कट झाला. आई कुठंय? तिला द्या ना. सगळे थांबलेत इथं."

चार पावलं टाकायची होती. फोन नेऊन तर बघायचा होता. पण नेला आणि आत अडकला, तर पाहुण्यांसमोर त्या आठ शिंगांची काय अब्रू राहणार? जयसिंगरावांनी मधलं दार ओढून घेतलं आणि म्हणाले, "अगं, आईला औषधानं झोप लागलीय. कशाला उठवायचं? आक्का म्हणते पाळणा!"

आक्का तयारच! गिरणी सुरू! आत बाईचा पाळणा, बाहेर आक्काचा पाळणा, मधे हातभर दगड. कोणाचा पोचला, सांगायला नको. तिकडे बाळाच्या आत्यानं कानात नाव सांगितलं. टाळ्या झाल्या. पेढे वाटले.

संध्याकाळी बाईनं नवऱ्याला विचारलं, "ऐकला ना हो पोरीनं? नीट गेला ना आवाज?"

"ऐकला की! रडली तुझी लेक!"

बाई इतकी हसली म्हणे, इतकी हसली, की शेजारणीला वाटलं आता ही उठून चालते!

दुसऱ्या दिवशी सारिकाचा साधा फोन आला. नेटचा नाही, साधा. खिडकीशी फोन धरला की तेवढा लागायचा. जयसिंगराव चहा घेऊन दारात उभे. बाईनं फोन कानाला लावला. पलीकडून लेक म्हणाली, "आई, किती वाट बघितली गं तुझी. मेली झोप लागायची होती ती नेमकी तेव्हाच? मला फार वाईट वाटलं बघ. छबुआत्याचा पाळणा काय, गोंगाटच होता."

बाईनं मान वर केली. दारातल्या माणसाकडे बघितलं. 

आता बोलायचं होतं की नाही तिनं? खोटारडा म्हणायचं होतं की नाही? तुम्ही-आम्ही तर घर डोक्यावर घेतलं असतं!

ती बाई फोनमध्ये म्हणाली, "हो गं बाळा. डोळा लागला माझा. म्हातारपण, काय करायचं?"

नवऱ्याची अब्रू! लेकीपुढे तिचा बाप खोटा ठरू नये, म्हणून स्वतःच्या माथी झोप घेतली.

जयसिंगरावांनी कपबशी उंबऱ्यावरच ठेवली. तिथून निघाले ते तडक हॉलमध्ये. शोकेस उघडली. लिंबू-मिरची तोडली, हार तोडला. वरून पोरगा ओरडला, "पप्पा, गेम!" – "खड्ड्यात गेला तुझा गेम!" स्वतः शिडी लावली. स्वतः भिंतीत खिळे ठोकले, एक वाकडा, एक सरळ. मधल्या दारावर राऊटर बसवला. बाईच्या फोनवर सगळ्या रेघा भरल्या. पळत पळत आत गेले, "अगं, आलं! पूर्ण आलं! लाव सारिकाला! म्हण तुझा पाळणा!"

बाईनं फोनकडे बघितलं. दाराकडे बघितलं. म्हणाली, "आता कशाला? बारसं झालं."

आणि कूस वळवली.

झालं. आख्यान संपलं.

काय बघता असे? तुम्हाला वाटलं, म्हातारी गाईल? जर्मनीतून बाळ हुंकार देईल? आकाशातून फुलं पडतील? चमत्कार पाहिजे तुम्हाला! अहो, दोन खिळ्यांचं काम होतं! दोन खिळे वेळेवर ठोकता येत नाहीत आणि देवाकडे चमत्कार मागता! देव काय तुमचा मिस्त्री आहे?

तर सुरुवातीला काय विचारलं मी? वस्तू कोणासाठी आणली, हे ओळखायचं कसं? ती कुठं ठेवली ते बघा. तिचं तोंड कुणाकडे आहे ते बघा. संपला वेदान्त. राऊटर घ्यायचा तर खुशाल घ्या. पोराला गेमला वायर द्या, तुम्ही कुस्त्या उतरवा. पण दुकानात जायच्या आधी घरात जा. सगळ्यात मागच्या खोलीत जा. तिथं जे माणूस आहे, त्याला विचारा – तुला इथं येतं का?

माना हलवताय? वा! "जयसिंगराव फार वाईट माणूस" असं म्हणत घरी जाणार, असंच ना?

मग हे सांगा. या देवळात नवे स्पीकर बसवलेत. देणगीदारांची नावं संगमरवरावर आहेत. मघापासून बघतोय मी. एक स्पीकर इकडे, देणगीदारांच्या सतरंजीकडे. एक स्पीकर बाहेर, रस्त्याकडे, म्हणजे जाणाऱ्या गाड्यांना कळावं, आमच्याकडे सप्ताह आहे! आणि त्या खांबांच्या मागे, अंधारात, बायका बसल्यात. तिकडे स्पीकर कुठाय?

माझी बायको असायची तेव्हा तिथंच बसायची. घरी आल्यावर म्हणायची, "अहो, मधलं काही ऐकू आलं नाही, परत सांगा." जेवताना मी परत सांगायचो. आता जेवताना कोणी काही विचारत नाही.

ओ अध्यक्ष, बसता काय? उठा! कार्यकर्त्याला सांगू नका, तुम्ही उठा. तो रस्त्याकडचा फिरवा. गाड्यांना मोक्ष नको आहे! अजून... अजून डावीकडे... हां, खांबाकडे. बास.

मावशी! ओ खांबामागच्या मावशी! आता येतंय का ऐकू?

काय म्हणता?... ऐकलंत, मंडळी, त्या काय म्हणतात? म्हणतात, "बुवा, आत्ता येतंय. मघापासून तुम्ही सगळे हसत होता, आम्हाला कळेना कशाला. गोष्ट कुणाची होती?"

आरती थांबवा. ते तबक खाली ठेवा. कोणी उठायचं नाही! पुढच्यांनी गप्प बसायचं, तुमचं ऐकून झालंय.

मावशी, नीट बसा. एक तालुक्याचं गाव होतं...